चिंचेचा पाला

मोठ्या माणसांच्या चरित्रांतील बालपणीच्या हालअपेष्टांचे प्रकरण वाचकांस नेहमीच प्रिय असते. पुढे मिळावयाच्या कीर्तीचा प्रकाश त्या पानांवर आधीच पडलेला असतो. त्यामुळे तेथला अंधारही आपणांस शोभिवंत वाटू लागतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला अभ्यास, अनवाणी केलेली पायपीट, उपाशीपोटी काढलेल्या रात्री हे सारे आपण मुलांना अशा कौतुकाने सांगतो की, यशाच्या पाककृतीतील तो पहिला जिन्नसच वाटावा. आमच्यासारख्या मुलुख सोडून पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती राहिलेल्या घरांतून तर अशा कथांना तोटा नाही. ‘आमचे पणजोबा एका धोतरानिशी लष्करात आले’ हे वाक्य ऐकल्याविना ग्वाल्हेरीतले कोणते मराठी मूल मोठे झाले असेल?

आम्ही राहतो त्या किला गेटपासून हजीऱ्याकडे थोडे चालत गेले की महंमद गौस यांचा भव्य मकबरा लागतो, आणि त्याच्याच आवारात तानसेनाची साधी, बुटकी समाधी. समाधीपाशी चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला चघळला असता गळा गोड होतो, अशी समजूत शेकडो वर्षे चालत आली आहे. गवई येतात, हौशी लोक येतात, आणि पाने तोडून श्रद्धेने तोंडात टाकतात. पाला आंबट असतो. दात तेवढे आंबतात. गळा ज्याचा होता तसाच राहतो. तरी ही समजूत मरत नाही, कारण जे थोडे गोड गाऊ लागले त्यांची गोष्ट सांगितली जाते आणि ज्यांनी नुसताच पाला खाल्ला त्यांची कोणी मोजदाद ठेवीत नाही. बालपणीच्या दारिद्र्याविषयीची आपली श्रद्धा या चिंचेच्या पाल्यासारखीच तर नाही ना, असा प्रश्न आमच्या मनात फार दिवस घोळत आहे. त्याचा विचार करण्यास लता मंगेशकर यांच्याइतके योग्य उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

लताबाई आपल्यापैकीच, म्हणजे महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या मराठी माणसांपैकी. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव हेमा. पुढे वडिलांनी ‘भावबंधन’ नाटकातील लतिकेच्या भूमिकेवरून ‘लता’ हे नाव ठेवले. वडील मास्टर दीनानाथ हे गोव्यातील मंगेशीचे. ऐन तारुण्यात, १९१८ साली, त्यांनी सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली आणि आपल्या तेजस्वी, चपळ गळ्याने मराठी रंगभूमी गाजविली. दीनानाथांनी ज्यांचा गंडा बांधला ते रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानातून लहान वयात घर सोडून, अर्धपोटी वणवण करीत आमच्या ग्वाल्हेरीस आले होते आणि येथे निसार हुसेन खाँ यांच्याकडे शिकले होते. त्यांच्याही आधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर असेच गाण्यापायी ग्वाल्हेरची गायकी शोधीत फिरले आणि ती महाराष्ट्रात घेऊन गेले. १९३३ साली गदगहून घर सोडून निघालेला भीमसेन जोशी नावाचा अकरा वर्षांचा मुलगा येथल्याच माधव संगीत विद्यालयात येऊन पोहोचला. या किल्ल्याच्या पायथ्याशी किती उपाशी पोरे स्वरांच्या ओढीने आली, याची ही नुसती चुणूक. मात्र यांतील प्रत्येकजण येथे आला तो गुरू शोधण्यासाठी. भूक त्यांना घरीही मिळाली असती.

लताबाईंना गुरू घरातच मिळाला. त्या पाच वर्षांच्या असतानाची एक आठवण त्या नेहमी सांगत. वडिलांचा एक शिष्य पूरिया धनाश्री घोकत बसला होता. दीनानाथ बाहेर गेले होते. शिष्याचे चुकते आहे हे पाहून या चिमुरडीने त्याला थांबविले आणि स्वतः गाऊन दाखविले. नेमके त्याच वेळी वडील परतले. त्यांनी दारातून ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला झोपेतून उठवून तंबोऱ्यापाशी बसविले. पुढील सात वर्षे ही तालीम कमीअधिक चालू राहिली. नवव्या वर्षी सोलापुरास ती वडिलांबरोबर रंगमंचावर गायिलीदेखील. शाळेत मात्र ही मुलगी जवळजवळ गेलीच नाही. हे विधान लिहिताना आमच्यासारख्या हेडमास्तराची लेखणी थोडी अडखळते. पण सत्य ते सांगितलेच पाहिजे, आणि त्याचा विचार आम्ही पुढे करणारच आहोत.

बोलपट आले आणि नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली. दीनानाथांनी सांगलीस चित्रपट काढून पाहिला. त्यात जे होते तेही गेले. प्रकृती ढासळली, आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात, वयाची बेचाळिशीही न गाठता, हा गायक निवर्तला. मागे राहिली पत्नी आणि पाच मुले. थोरल्या लतेला तेरावे वर्ष चालू होते. धाकटा हृदयनाथ साडेचार वर्षांचा होता. मधल्या तिघी मीना, आशा आणि उषा. ज्या वयात आमच्या शाळेतल्या मुली भूमितीच्या पेटीतला कंपास हरवला म्हणून रडतात, त्या वयात ही मुलगी घरातील कर्ती झाली.

कुटुंबाचे स्नेही मास्टर विनायक मदतीस धावले, म्हणूनच ती उभी राहिली. ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी वडिलांच्या हयातीतच तिने गायिलेले गाणे पुढे गाळले गेले होते. विनायकांनी तिला ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात काम दिले, मग आपल्या कंपनीत मासिक वेतनावर ठेवून घेतले. तोंडाला रंग फासून दिव्यांच्या झोतात उभे राहणे तिला मनापासून नावडते होते. पण घरी सहा तोंडे होती, आणि आवडनिवड ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे. १९४५ साली कंपनी कोल्हापुराहून मुंबईस गेली, तिच्याबरोबर लताबाईही गेल्या. आणि मुंबईत पाय टेकताच त्यांनी काय केले? भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांच्याकडे पुन्हा रीतसर शिकावयास आरंभ केला. पुढे अमानत खाँ देवासवाले यांच्याकडे शिकल्या. महिन्याचा पगार मोजून पुरवावयाचा, आणि तरी त्यातून वेळ व पैसा काढून शिकावयाचे. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील खरे विलक्षण पान हे आहे. सोसले पुष्कळांनी, सोसत असताना शिकणे ज्यांनी थांबविले नाही ते थोडे.

ऑगस्ट १९४७ मध्ये मास्टर विनायक गेले आणि आधार दुसऱ्यांदा तुटला. संगीतकार गुलाम हैदर यांनी हा आवाज ओळखला. एका बड्या निर्मात्याने तो ‘फार पातळ’ म्हणून नाकारला, तेव्हा हैदरसाहेबांनी १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये तिलाच गावयास लावले. त्याच सुमारास एकदा लोकलगाडीत अनिल विश्वास यांनी तिची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. मुलगी मराठी आहे हे कळताच दिलीपकुमार म्हणाले की, मराठी लोकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. हे ऐकून कोणीही चिडले असते, कोणी खचले असते. लताबाईंना वाईट वाटलेच. परंतु त्यांनी एक मौलवी शिक्षक ठेवला आणि उर्दू शिकावयास बसल्या. ख आणि ख़, ज आणि ज़ यांतला भेद त्यांनी असा आत्मसात केला की, पुढे त्याच भाषेचे कवी आपले शब्द त्यांच्या कंठातून ऐकण्यासाठी आतुर असत. हिंदी मुलखात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस या प्रसंगाची गोडी विशेष आहे. आमच्याही बोलण्याला कधी इकडे वरणभाताचा वास येतो, तर कधी पुण्यात गेल्यावर बेडई-कचोरीचा. त्यावर रुसून बसण्याऐवजी दोन्ही भाषा शुद्ध शिकाव्यात, हा धडा त्यांनी घालून दिला. आणि परभाषा कमावताना त्यांनी आपली सोडली नाही. ‘आनंदघन’ या नावाने त्यांनी मराठी चित्रपटांना संगीत दिले. १९६५ च्या ‘साधी माणसं’ची गाणी घरोघरी ऐकली गेली.

१९४९ साली ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज’ असे चित्रपट लागोपाठ आले. ‘महल’च्या गाण्यात आवाज दुरून जवळ येतो असा भास हवा होता. त्या काळी यंत्रांची आजची करामत नव्हती, म्हणून गायिकेने स्टुडिओच्या कोपऱ्यातून गात गात ध्वनिक्षेपकाकडे चालत यावयाचे, असा उपाय योजिला गेला. त्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नावच नव्हते. पडद्यावरील पात्राचे ‘कामिनी’ हे नाव छापलेले होते. श्रोते विचारू लागले, ही गाते कोण? पुढे लताबाईंनी पार्श्वगायकांच्या हक्कांसाठी जे भांडण मांडले त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते. फिल्मफेअर पारितोषिकांत संगीतकारास मान होता, गायकास नव्हता. तो मिळेपर्यंत त्या समारंभात गाण्यास त्यांनी नकार दिला. १९५९ साली ते पारितोषिक सुरू झाले, आणि पहिले त्यांनाच मिळाले. कामाचे नाव आणि कामाचे दाम ही दोन्ही मागावी लागतात, हे ज्याने लहानपणी घर चालविले त्यालाच चांगले कळते.

पुढील यशाची वार्ता सर्वश्रुत आहे. १९६३ च्या जानेवारीत दिल्लीस चीनयुद्धातील हुतात्म्यांसाठी त्यांनी गायिलेले गीत, आणि पंडित नेहरूंचे भरून आलेले डोळे. १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील कार्यक्रम. तेथे श्रोत्यांना त्यांचा परिचय करून दिला तो दिलीपकुमारांनीच. वरणभाताचा हिशेब तेथे व्याजासह चुकता झाला! १९८४ पासून आपल्या मध्य प्रदेश शासनाने त्यांच्या नावे सन्मान सुरू केला. १९८९ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार, २००१ मध्ये भारतरत्न, २००७ मध्ये फ्रान्सचा लिजन ऑफ ऑनर. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, ९२ व्या वर्षी, त्या गेल्या तेव्हा देशाने दोन दिवस दुखवटा पाळला. गाण्यांच्या संख्येविषयी मात्र वाचकांनी जपून बोलावे. १९७४ च्या गिनीज ग्रंथात पंचवीस हजारांचा आकडा आला, महंमद रफी यांनी त्यावर हरकत घेतली, आणि पुढे ती नोंद गळाली. ज्यांचे एकेक गाणे पुरे आहे त्यांना फुगविलेल्या आकड्यांची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लताबाईंस मोठे कोणी केले? दारिद्र्याने?

परदेशातील एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत गॅरी नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे गाव आहे. तेथे १९५८ साली मायकेल जॅक्सन जन्मला. वडील पोलाद कारखान्यात क्रेन चालवीत. नऊ मुलांचे कुटुंब दोन शयनखोल्यांच्या लहानशा घरात राहत असे. भावांच्या मेळ्यात तो लहान वयात गाऊ लागला. बारा वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्यांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते, आणि १९८२ मध्ये आलेली त्याची ‘थ्रिलर’ ही ध्वनिमुद्रिका साऱ्या जगात विकली गेली. एवढी कीर्ती लाभलेला हा माणूस मोठेपणी सांगत असे की, वडील तालमीच्या वेळी मारीत, आणि रस्त्यापलीकडे खेळणाऱ्या मुलांचा आवाज ऐकून आपणांस रडू येई. पन्नासाव्या वर्षी, २००९ साली, औषधांच्या अतिरेकाने त्याचा अंत झाला. कीर्ती पृथ्वीभर पसरली, पण हरवलेले बालपण काही तिने भरून दिले नाही. लताबाईंनाही कोणी विचारले की पुढल्या जन्मी काय व्हाल, तर पुन्हा लता मंगेशकर व्हावयाचे नाही, असे त्या म्हणत. लता मंगेशकरचे दुःख तिचे तिलाच ठाऊक. ज्यांना हेवा वाटतो त्यांनी हे उत्तर लक्षात ठेवावे.

हा विचार आम्हांस केवळ ग्रंथांतून सुचलेला नाही. आमची शाळा सरकारी. बिर्लानगरची गिरणी बंद पडून एक पिढी लोटली. त्या घरांतील नातवंडे आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका मराठी मुलीचे वडील अकस्मात वारले आणि आठवड्याभरात मुलगी शाळेत येईनाशी झाली. आम्ही घरी गेलो. आई डबे करून देत होती, मुलगी चार घरची भांडी घासू लागली होती. धाकटी दोन भावंडे दाराशी बसली होती. माउली हात जोडून म्हणाली, “सर, आपण शिकलेली माणसं. आपणच सांगा, लताबाई तेरा वर्षांच्याच होत्या ना? त्या कुठे शाळेत गेल्या? पण घर तारलंच ना त्यांनी?”

बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि वस्तुस्थितीत चूकही नव्हती. आम्ही एवढेच म्हणालो, “वहिनी, लताबाईंना पाचव्या वर्षापासून रोज पहाटे शिकविणारा गुरू घरात होता. वडील गेले तेव्हा हातात विद्या होती, आणि ती विकत घेणारा स्नेही दाराशी आला. आपल्या मुलीच्या हाती आज काय आहे? राख आणि भांडी. तिची विद्या अजून आमच्याकडे अर्धी राहिली आहे. ती पुरी नेऊ द्या.”

नुसत्या बोलण्याने चूल पेटत नाही, हे आम्हांसही ठाऊक होते. म्हणून मंडळातील भगिनींना सांगितले. त्यांनी सणावारांची पुरणपोळी आणि चकली-कडबोळी त्या घराकडून करून घेण्यास आरंभ केला. एका गृहस्थाने धाकट्यांच्या वह्या-पुस्तकांचा भार उचलला. शाळेने शिष्यवृत्तीचे अर्ज भरले. मुलगी परत आली. दहावी झाली, बारावी झाली, आणि आता परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून एका रुग्णालयात नोकरीस आहे. ती जगप्रसिद्ध झाली नाही, होणारही नाही. घर मात्र तिने तारले, आणि तेही तेराव्या नव्हे, बाविसाव्या वर्षी. यात मोठेपणा कमी आहे असे आम्हांस वाटत नाही.

कायदाही आता हेच सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क दिला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना मजुरीस लावणे सरसकट मना केले. त्याच कायद्यात बालकलावंतांसाठी मात्र एक दार उघडे आहे: शिक्षणास बाध न येता मुलाने चित्रपटांत वा दूरचित्रवाणीवर काम केले तर चालते. या दारापाशी हल्ली फार गर्दी झाली आहे. गाण्याच्या स्पर्धांसाठी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना गावोगाव घेऊन फिरणारे सुखवस्तू आईबाप आम्ही पाहतो. घरी गरिबी नाही, तेव्हा ते ती मुलावर कृत्रिमपणे लादतात: खेळ बंद, झोप बंद, आणि निकालाच्या दिवशी पडद्यावर अश्रू. पंधरा दिवसांत दहा गाणी पाठ करविणे म्हणजे तालीम नव्हे. दीनानाथांनी मुलीला स्पर्धेसाठी शिकविले नव्हते. तिला येते आहे हे ऐकले म्हणून शिकविले.

तेव्हा थोरांच्या कथा मुलांना अवश्य सांगाव्यात. पण सगळी कथा सांगावी. हाल किती झाले हे सांगताना शिकविले कोणी, मदतीस धावले कोण, आणि पोट भरण्याच्या धडपडीतही विद्या कशी चालू ठेवली, हेही सांगावे. दीनानाथांसारखा बाप, विनायकांसारखा स्नेही, गुलाम हैदरांसारखा पारखी, यांपैकी एकजण जरी नसता तर तो अलौकिक कंठ कोठल्याशा चाळीत विरून गेला असता. आणि असे किती विरून गेले असतील, याची नोंद कोणत्याच चरित्रात सापडत नाही.

आपल्या परप्रांतीय मराठी समाजाने तरी ही नोंद ठेवावी. प्रत्येक गावी आपले मंडळ आहे, गणेशोत्सव आहे, वर्गणी आहे. त्या वर्गणीतून दरसाल एका पोरक्या मुलाची फी, एका मुलीचा गाण्याचा क्लास, एका विधवेला हक्काचे काम, एवढे निघणे अशक्य नाही. आपल्या गल्लीत कोणाचे वडील गेले, आणि दुसऱ्या आठवड्यात कोणाचे मूल शाळेत दिसेनासे झाले, एवढे पाहणारे डोळे प्रत्येक मंडळात दोन तरी असावेत. मास्टर विनायक होण्यास गळा लागत नाही. ते आपणां सर्वांस साधण्यासारखे आहे.